चकचकीत नको, चालता येईल असं अंगण!

२०२२ च्या जुलैतली गोष्ट. सकाळचे सात वाजले होते. आमच्या सावंतवाडीत पाऊस कसा लागून राहतो ते मी काय सांगू! सासूबाई छत्री सावरत तुळशीपुढे हात जोडायला गेल्या. मी ओट्याशी चहा गाळत होते. तेवढ्यात अंगणात धप्पकन आवाज आला आणि पाठोपाठ त्यांची हाक. खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन, वॉकर, सहा महिने दुसऱ्याच्या आधारानं चालणं, सगळं त्यांच्या वाट्याला आलं.

ज्या फरशीवर त्या घसरल्या, ती मीच हौसेनं निवडली होती. दुकानात दिव्याच्या उजेडात ती अशी झगमगत होती की मी दुसरं काही बघितलंच नाही. ‘पुसायला सोप्पी’ म्हणून घेतली. पावसाळ्यात ती कशी वागेल, हा प्रश्न मी दुकानदाराला विचारला नाही आणि स्वतःलाही विचारला नाही. घरात कुणी मला एका शब्दानं बोललं नाही. त्यामुळे तर जास्तच लागलं.

त्या दिवाळीत ठरवलं, ही फरशी उखडायची. पण तिच्या जागी काय? सासूबाईंच्या काळी पाऊस संपला की अंगण खणून, माती पसरून, पाणी शिंपडून, लाकडी चोपण्यानं चोपून गुळगुळीत करायचं आणि शेणानं सारवायचं. ते आता आमच्याच्यानं होणं नव्हतं. जांभ्याच्या चिऱ्यांवर आमच्याकडे दोन पावसांत शेवाळ धरतं. शहाबादी फरशी चांगली, पण सांध्यांतून गवत येतं आणि खाली माती खचली की एखादी फरशी हलायला लागते. पेव्हर ब्लॉक झाले, कोबा झाला. मग वन्संनी सुचवलं, “वहिनी, आमच्यासारखं स्टॅम्प काँक्रीट करून घे की!”

स्टॅम्प काँक्रीट म्हणजे काय, तर नेहमीचंच काँक्रीट. ते ओलं असतानाच वरून रंगाची पावडर भुरभुरतात, साचा चिकटू नये म्हणून दुसरी एक पावडर मारतात आणि रबराचे मोठे साचे ठेवून वरून ठोकतात. साचा उचलला की दगडाचा, विटेचा किंवा लाकडाच्या फळीचा ठसा उमटतो. १९५० च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात ब्रॅड बोमन यांनी ही पद्धत रुळवली. मला मात्र तो कामगार साच्यावर ठोकताना बघून सासूबाईंचं चोपणंच आठवलं.

वन्संचं कुडाळचं अंगण मी मुद्दाम पावसात जाऊन बघितलं. मैत्रिणींनो, तुम्हीही असंच करा. नवंकोरं अंगण सगळंच छान दिसतं. दोन पावसाळे खाल्लेलं बघावं. त्यांच्या अंगणाला मधोमध तिरकी भेग गेली होती. कोपऱ्यात पाणी साचत होतं. वरचा चकाकीचा थर पांढुरका होऊन सुटत होता, आणि जिथे तो शाबूत होता तिथे पाय सटकत होता! म्हणजे स्टॅम्प काँक्रीट घसरत नाही, हा समज चुकीचा. नक्षीमुळे पकड मिळते, पण वर जाड, चकचकीत थर दिला तर ती पकड जाते.

मग चुका कुठे झाल्या ते विचारून घेतलं आणि कंत्राटदारासमोर वही घेऊनच बसले. हे म्हणाले, “तुला काय कळतंय त्यातलं?” म्हटलं, अंगण झाडते मी, धुते मी. कळायला नको?

पहिली गोष्ट पाया. माती खणून, मुरूम घालून धुमसानं नीट ठोकून घ्यायला लावलं. पाया खचला की वरची नक्षी कितीही सुंदर असो, भेग जाणारच. दुसरी गोष्ट जाडी. माणसांच्या आणि गाडीच्या वावराला चार इंच. तिसरी उतार. घरापासून बाहेरच्या बाजूला दर फुटाला साधारण पाव इंच. एवढा उतार डोळ्यांना जाणवत नाही, पाण्याला मात्र बरोब्बर कळतो.

चौथी गोष्ट कट. काँक्रीट सुकताना आकसतं, तेव्हा कुठेतरी ते फुटणारच. त्यानं आपल्याला हवं तिथे फुटावं म्हणून दर आठ-दहा फुटांवर एक इंच खोल कट द्यायचे असतात. ‘नक्षी बिघडते’ म्हणून वन्संकडे ते दिलेच नव्हते. नक्षीच्या रेघेत कट बसवला तर तो दिसतसुद्धा नाही.

पाचवी गोष्ट काम कधी करायचं. भर पावसात तर नकोच, पण मे महिन्यातल्या दुपारीही नको. उन्हात काँक्रीट इतकं भराभर घट्ट होतं की शेवटच्या कोपऱ्यात साचा उमटतच नाही. आम्ही डिसेंबरातल्या सकाळी काम काढलं. त्यानंतर किमान सात दिवस क्युरिंग. रंगीत काँक्रीटवर ओली गोणपाटं थेट टाकली तर डाग पडतात, म्हणून क्युरिंगसाठी काय वापरणार ते आधीच विचारून ठेवा. ‘नाही केलं तरी चालतं’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

रंग फिका घ्या. गडद रंग उन्हात तापतो. सांगली-सोलापूरकडच्या किंवा विदर्भातल्या मैत्रिणींनी तर हे नक्कीच बघावं, अनवाणी पाय टाकवणार नाही.

मी नक्षी निवडत होते, खोल खोल खाचांची, दगडी. सासूबाई वॉकर घेऊन दारात आल्या, नमुना बघितला आणि म्हणाल्या, “गो, रांगोळी खंय घालतलंस?” मी गप्पच झाले. खोल खाचांत रांगोळी बसत नाही, काठी अडकते, आणि शेवाळाला घर मिळतं ते वेगळंच. मग उथळ नक्षी घेतली. दारापुढे आणि तुळशीपुढे तीन-तीन फुटांचा चौकोन नक्षीशिवाय ठेवला. तोही गुळगुळीत नाही, झाडूचा हात फिरवून जरासा खरबरीत केलेला. फणसाच्या बुंध्याभोवती आणि तुळशीच्या मागे माती तशीच ठेवली. काँक्रीटमधून पाणी जमिनीत मुरत नाही; झाडानं आणि विहिरीनं काय करावं?

आता निगा. काँक्रीट पूर्ण सुकल्यावर सीलर मारतात. पातळ दोन हात पुरेत. चमक नसलेला सीलर घ्या आणि त्यात घसरण रोखणारी बारीक पावडर मिसळायला सांगा. ओल असताना मारला तर आत अडकलेल्या ओलीनं पांढुरके चट्टे येतात. वन्संकडे तेच झालं होतं. साधारण दोन-तीन वर्षांनी पुन्हा मारावा लागतो. वेळ झाली का हे ओळखायची सोपी खूण सांगते. पाण्याचे थेंब टाकून बघा. ते मोत्यासारखे राहिले तर ठीक, मुरून जागा काळपट झाली तर सीलर संपला. आम्ही २०२५ च्या फेब्रुवारीत पुन्हा मारून घेतला. हा खर्च पहिल्या दिवशीच हिशेबात धरा.

रोजचं काम सोपं आहे. केर काढायचा, आठवड्यातून एकदा साध्या साबणाच्या पाण्यानं ब्रशनं धुवायचं. शेवाळ दिसलं की लगेच घासायचं. हट्टी असेल तर ब्लीचिंग पावडरचं पातळ पाणी टाकून, घासून, भरपूर पाण्यानं धुवायचं. फरशीचं अ‍ॅसिड कधीही नाही! ते सिमेंट खातं, रंग उडवतं. आणि ब्लीचिंग पावडर अ‍ॅसिडात मिसळली तर विषारी वायू होतो, हे तर बाथरूम धुतानाही लक्षात ठेवा. तारेचा ब्रश नको. शेकोटी किंवा पाणी तापवायची चूल काँक्रीटवर पेटवू नका, पापुद्रे उडतात. पणत्यांखाली ताटली ठेवा, तेलाचा डाग आत मुरतो. शेणसडा घालायचा तर मातीच्या जागी.

एक उणीव प्रामाणिकपणे सांगते. पेव्हर ब्लॉक उचलून परत बसवता येतात, हे नाही. फोडलं तर ठिगळाचा रंग जुळत नाही. म्हणून नळाचे, सांडपाण्याचे पाइप आधीच नीट करून घ्या. पुढं लागतील म्हणून एखादा रिकामा पाइप खालून घालून ठेवा. तुमच्याकडे सारखी खोदाखोद होत असेल तर सरळ पेव्हर ब्लॉक घाला. खर्चही कमी येईल.

अंगणाला आता तीन पावसाळे झाले. एक बारीक भेग गेली, ती कटातच. सासूबाई काठी घेऊन तुळशीपर्यंत जातात. पहिल्या पावसात त्यांनी पाय उचलण्याआधी माझा हात घट्ट धरला होता. आता धरत नाहीत. मी मात्र अजूनही चहा गाळता गाळता खिडकीतून बघतेच. तुमच्या अंगणात काय घालायचं ते तुम्ही ठरवाल. फक्त निवडण्याआधी तुकड्यावर तांब्याभर पाणी ओता आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या पायांना विचारा.