वीज सुसाट, उष्णता मात्र संथ! सुपरकंडक्टरमध्ये नेमकं घडतं काय?

पंपाची मोटार लोडवर चालली की केबल गरम होते, हे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. तांबं विजेला थोडा अडथळा करतं आणि तेवढी वीज उष्णतेत वाया जाते. सुपरकंडक्टर म्हणजेच अतिवाहक पदार्थात हा अडथळा शून्य होतो. अट एकच, पदार्थ प्रचंड थंड हवा.

१९८६ मध्ये बेडनॉर्झ आणि म्युलर या शास्त्रज्ञांनी ‘उच्च तापमान’ अतिवाहक शोधले. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. यातलं ‘उच्च’ म्हणजे तरी किती? इट्रियम, बेरियम, तांबं आणि ऑक्सिजनचा पदार्थ उणे १८१ अंशांच्या आसपास अतिवाहक होतो. त्यासाठी द्रव नायट्रोजन पुरतो. जनावरांच्या दवाखान्यात रेतनाच्या कांड्या ज्यात ठेवतात, तोच हा उणे १९६ अंशांचा नायट्रोजन.

उष्णता का अडते?

तांब्यात वीज आणि उष्णता दोन्ही मुख्यतः इलेक्ट्रॉनच वाहून नेतात. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोड्या करून फिरतात. या जोड्या वीज नेतात, पण उष्णता नेत नाहीत. उष्णता जाते ती अणूंच्या थरथरीतून आणि जोडी न झालेल्या इलेक्ट्रॉनमधून. शिवाय पदार्थाची रचना थरांची आहे. थराच्या आडव्या दिशेने उष्णता बरी सरकते, एका थरातून दुसऱ्यात जाताना मात्र रखडते.

फायदा कुठे?

जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ प्रयोगशाळेतले मोठे चुंबक उणे २७१ अंशांवर चालतात. त्यांना १३,००० अँपिअरपर्यंत वीज द्यावी लागते. नुसती तांब्याची तार टाकली तर बाहेरची उष्णता तिच्यातूनच आत शिरेल. म्हणून तिथे मधल्या टप्प्यात बिस्मथचे अतिवाहक बसवले आहेत. वीज आत जाते, उष्णता फारशी जात नाही.

धोका कुठे?

तारेतला एखादा ठिपका तापला तर तिथला अतिवाहकपणा जातो आणि अडथळा सुरू होतो. जुन्या प्रकारच्या अतिवाहकात ही गरमी सेकंदाला काही मीटर पसरते, त्यामुळे बिघाड लगेच कळतो. उच्च तापमान प्रकारात शेजारचा भाग तापायला खूप जास्त उष्णता लागते. गरमी सेकंदाला काही मिलिमीटर ते सेंटिमीटरच सरकते. सगळा ताप एकाच जागी साठतो आणि यंत्रणेला कळेपर्यंत तार जळू शकते.

म्हणून अशा पट्टीवर तांब्याचा मुलामा देतात. ठिपका तापलाच तर वीज तांब्याकडे वळते आणि उष्णताही पसरते. ज्या तांब्याला मागे टाकायचं होतं, तेच शेवटी रक्षणाला येतं!