कानसेन घडतो कसा?

अभिजात संगीताच्या मैफलीला प्रथमच येणाऱ्या श्रोत्याला बहुधा एकाच प्रश्नाची धास्ती असते : 'राग कोणता होता?' मध्यंतरात शेजारच्या जाणकाराने हा प्रश्न विचारावा, उत्तर सुचू नये आणि आपण चुकीच्या ठिकाणी आलो, अशी समजूत होऊन बसावी. पुढच्या मैफलीला ती खुर्ची रिकामी राहते. नवा श्रोता गळतो तो असा. संगीत न आवडल्यामुळे नव्हे, तर परीक्षेच्या भीतीने.

वस्तुतः रागाचे नाव ही श्रवणाची पहिली पायरी नव्हे. भूप आणि देशकार या दोन रागांत सा, रे, ग, प, ध हे तेच पाच स्वर लागतात. पण भूपात गंधाराला महत्त्व, तर देशकारात धैवताला. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, देशकार सकाळचा. स्वरांची यादी पाठ करून हा भेद कळत नाही, तो ऐकून ऐकूनच कानात उतरतो. मल्लिकार्जुन मन्सूर यांच्यासारखे जयपूर-अत्रौली घराण्याचे गायक अनवट रागांसाठी ख्यातनाम होते. असा राग सुरू झाला, की मुरलेले रसिकही नावाविषयी आपसांत कुजबुजत. नवख्याला नाव न सुचणे यात ओशाळण्याजोगे काहीच नाही.

पहिली खूण समेची

मग नव्या श्रोत्याने धरून काय बसावे? जाणकार बोट दाखवतात ते समेकडे. विलंबित एकतालात बारा मात्रा असतात आणि लय अगदी संथ असेल, तर एक आवर्तन पूर्ण व्हायला पाऊण मिनिटाहूनही अधिक काळ लागतो. त्या अवकाशात गायक स्वरांची बढत करतो आणि आवर्तन संपता संपता बंदिशीचा मुखडा घेऊन पहिल्या मात्रेवर, म्हणजे समेवर येतो. सभागृहातील माना त्याच क्षणी एकदम डोलतात. मुखडा ओळखीचा झाला आणि समेची वाट पाहायची सवय लागली, की संथ वाटणारा ख्याल कंटाळवाणा राहत नाही. गायक आता किती दूर गेला आहे आणि परत कसा येणार, ही उत्कंठा श्रोत्याला बांधून ठेवते.

दुसरी पायरी एकच राग निरनिराळ्या गळ्यांतून ऐकण्याची. किराणा घराण्याची स्वरास्वराने होणारी संथ बढत, ग्वाल्हेरचा बंदिशीवरचा भर आणि जयपूरच्या पेचदार ताना एकाच यमनात ऐकल्या, तर घराणे म्हणजे काय, हे निराळे समजावून सांगावे लागत नाही.

जुनीच वहिवाट

श्रोत्यांनी एकत्र येऊन कान तयार करण्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. मुंबईत कैखुश्रू काबराजी यांनी १८७० साली गायन उत्तेजक मंडळी स्थापन केली. कोल्हापूरच्या देवल क्लबची सुरुवात १८८३ मधली. भास्करबुवा बखले यांनी पुण्यात १९११ साली भारत गायन समाज सुरू केला. गायन उत्तेजक मंडळीत १८८४ साली एक विद्यार्थी दाखल झाला. पुढे वकील झालेला हा तरुण म्हणजे विष्णु नारायण भातखंडे. मंडळीत ऐकलेल्या आणि शिकलेल्या चिजांतून त्यांची जिज्ञासा वाढत गेली. 'हिंदुस्थानी संगीतपद्धती' हा त्यांचा ग्रंथ मराठीत आहे आणि तो गुरू-शिष्यांच्या संवादातून उलगडत जातो. रागशास्त्राची घडी बसवणाऱ्या या पंडिताने नवख्याचे प्रश्न क्षुल्लक मानले नाहीत, हे लक्षणीय आहे.

ज्यांना अशा मंडळांचा उंबरठा ओलांडता आला नाही, त्यांच्यासाठी इतर दारे उघडली. संगीत नाटकाने नाट्यपदांमधून राग घरोघर पोहोचवले. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली सुरू झाला आणि नामवंतांची मैफल गावोगावच्या रेडिओवर ऐकू येऊ लागली. पुण्यात भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ पासून भरवलेल्या सवाई गंधर्व महोत्सवाने तर हजारो श्रोते एका मांडवाखाली आणले. 'कट्यार काळजात घुसली' या नाटकावरील चित्रपट २०१५ मध्ये आला, तेव्हा त्यानेही अनेक तरुणांना या वाटेवर आणून सोडले. मात्र पुढची वाट दाखवायला कोणीतरी सोबत लागते.

श्रोता बदलला, की गाणे बदलते

ही सोबत केवळ सौजन्यापोटी द्यायची नाही. ख्याल हा जागच्या जागी घडणारा आविष्कार आहे. समेवर आलेली 'वाहवा' गायकाला पुढची जागा सुचवते, तर ताणलेल्या तानेनंतरचा टाळ्यांचा कडकडाट त्याला तसलीच दुसरी तान घ्यायला उद्युक्त करतो. सभागृहाला फक्त वेगच कळत असेल, तर विलंबित आखडता घ्यायचा आणि द्रुताकडे धावायचे, हा मोह गायकाला पडणारच.

काळानेही आपले काम केले आहे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले आणि उघड्यावर ध्वनिवर्धक लावून रात्रभर रंगणाऱ्या मैफली थांबल्या. रात्री दहापर्यंत, मोजक्या दिवशी बारापर्यंत, एवढीच सवलत उरली. रहिवाशांच्या झोपेचा विचार करता हे नियम अनाठायी म्हणता येणार नाहीत. पण मारवा, यमन, बिहाग, दरबारी, मालकंस अशा क्रमाने पुढे सरकत पहाटेच्या ललतापर्यंत पोहोचणारी रात्र नव्या श्रोत्याच्या वाट्याला सहसा येत नाही. तिची आठवण आहे ती जुन्या रसिकांपाशी.

म्हणूनच जुन्यांची जबाबदारी वाढते. तानपुरे जुळत असताना शांतता का हवी, संथ आलापी चालू असताना उठून का जाऊ नये, हे नव्याला खडसावून नव्हे, तर कारण सांगून पटते. तानपुरा हा सगळ्या गाण्याचा पाया आहे. तो चोख जुळला नाही, तर पुढचा प्रत्येक स्वर लटपटतो. एवढे कळलेला श्रोता पुढल्या वेळी ती पाच मिनिटे विलंब न समजता गाण्याचाच भाग समजून ऐकेल.

तानसेन होता आले नाही, तरी कानसेन व्हावे, असे आपल्याकडे म्हटले जाते. तानसेनाला गुरू लागतो, हे सर्वमान्य आहे. कानसेनालाही तो लागतो, आणि बहुतेक वेळा तो शेजारच्याच खुर्चीवर बसलेला असतो. त्याने 'राग कोणता होता?' असे विचारण्याऐवजी 'काय आवडले?' असे विचारले, तरी ती खुर्ची पुढच्या मैफलीला रिकामी राहणार नाही.