जुने घर घेताना : कोणती तपासणी आधी, कोणती नंतर?

मागच्या पावसाळ्यानंतर एका रविवारी आमच्या वस्तीतले एक दादा आणि वहिनी आमच्याकडे आले. दादा सफाई खात्यातून निवृत्त झालेले. फंड आणि ग्रॅच्युइटीची रक्कम बँकेत होती, मुलाच्या नावावर कर्जही मिळत होते. कल्याण पूर्वेला ३४ वर्षे जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांनी वन रूम किचन पाहिले होते. "दुसरी पार्टी तयार आहे, आज टोकन द्या," असा एजंटने धोशा लावला होता. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही हापिसात कागद बघता. पैसे देण्याआधी आम्ही काय काय तपासून घ्यावं? आणि सगळंच तपासायचं तर त्याला पैसे किती लागतील?"

वाचक बंधू-भगिनींनो, हा प्रश्न आम्ही स्वतः २०११ मध्ये घर घेताना कुणालाच विचारला नव्हता. ताजा रंग आणि फॉल्स सीलिंग पाहून आम्ही भुललो. दुसऱ्या पावसाळ्यात मोरीवरच्या छताचा पोपडा खाली आला. मुले शाळेत होती म्हणून वाचली. पुढे सोसायटीने दुरुस्तीसाठी घरटी ८० हजारांची वर्गणी काढली आणि ती आम्ही कर्ज काढून भरली. घर देणाऱ्याला ही वर्गणी येणार हे ठाऊक होते. आम्ही विचारले नाही, त्यानेही सांगितले नाही.

"बँक कर्ज देते म्हणजे घर चांगलेच असणार," असे पुष्कळांना वाटते. बँक तपासणी करते ती स्वतःचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून. तिचा माणूस येतो तो मुख्यतः किंमत ठरवायला. खांबातले लोखंड गंजले आहे का, हे पाहण्याची जबाबदारी आपलीच राहते.

आम्ही दादांना एक साधा हिशेब सांगितला. आधी फुकटची तपासणी, मग थोड्या खर्चाची, शेवटी मोठ्या खर्चाची. आणि ज्या तपासणीच्या उत्तराने आपला निर्णय किंवा घराचा भाव बदलणार नाही, तिच्यावर पैसा घालायचा नाही.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

घर दोनदा पाहावे. एकदा सकाळी पाण्याच्या वेळेला आणि जमल्यास एकदा पावसात. घराच्या आत जाण्याआधी जिना, गच्ची, पाण्याच्या टाकीखालचा भाग आणि तळमजल्यावरचे खांब नीट न्याहाळावेत. घराला रंग लावून दोष झाकता येतो, साऱ्या इमारतीचा झाकणे कठीण. खांबाला उभी किंवा तुळईला लांबीच्या दिशेने सरळ भेग दिसली, तर ती साधी गिलाव्याची भेग समजू नये. ओल आत शिरून लोखंड गंजते, गंजलेले लोखंड फुगते आणि वरचे काँक्रीट फोडते. छताला काठीने हलकेच ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला तर तो भाग सुटत आला आहे असे समजावे. वरच्या मजल्यावरच्या ताईंना भेटून त्यांच्या मोरी-संडासाची गळती आहे का, तेही विचारावे.

त्यानंतर सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल पाहायला मागावा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे ऑडिट ५ वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतीचे ३ वर्षांतून एकदा व्हायला हवे. अहवालात इमारतीचा वर्ग असतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-१ असेल तर तिथूनच परत फिरावे. अहवाल दाखवायला टाळाटाळ झाली, तर तेही एक उत्तरच आहे.

इमारतीचे वय पाहून मात्र निश्चिंत होऊ नये. महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत २४ ऑगस्ट २०२० रोजी कोसळली आणि १६ माणसे गेली. तिला दहा वर्षेही झाली नव्हती.

खर्चाच्या तपासण्या

इथपर्यंत घर पसंत राहिले तर दोन माणसांची फी द्यावी. पहिला स्ट्रक्चरल इंजिनियर. त्याने दोन तास फिरून केलेली नजरतपासणी खरेदीदाराला बहुधा पुरते. हातोडा-चाचणी, ध्वनिलहरींची चाचणी, काँक्रीटचा नमुना काढणे या गोष्टी इमारतीच्या सामाईक खांबांवर करायच्या असतात. त्या सोसायटीच्या परवानगीने आणि खर्चाने व्हायला हव्यात.

दुसरा वकील. त्याच्याकडून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यावा. बिल्डरपासून आजच्या मालकापर्यंत प्रत्येक करारनाम्याची साखळी, शेअर सर्टिफिकेटवरच्या नोंदी, भोगवटा प्रमाणपत्र आणि जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे की नाही, हे त्याने तपासावे. जमीन नावावर नसेल तर उद्या पुनर्विकासाच्या वेळी घोडे अडते.

सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा असेल तर आपल्या वाचकांनी विशेष जपावे. वतनाच्या जमिनी हातातून कशा गेल्या, ते आपल्या वाडवडिलांनी पाहिले आहे. १९५८ च्या कायद्याने महार वतन संपले, परंतु फेरबहाल झालेली वतन जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. अशा जमिनीवर परवानगीवाचून उभ्या राहिलेल्या इमारतीत घर घेतले तर घेणाराही अडकतो आणि मूळ वतनदाराचा हक्कही बुडतो.

परवानाधारक वायरमनला मात्र व्यवहार ठरत आल्यावर बोलवावे. जुन्या तारा आणि अर्थिंग तो पाहील. वायरिंग बदलता येते, म्हणून त्यावर घर नाकारायचे नसते. तो खर्च किमतीतून वजा करून मागायचा असतो. वाळवी, गंजलेले नळ, खिडक्या यांचाही हिशेब असाच.

दादांचे काय झाले?

दादा-वहिनी सकाळी सहाला त्या इमारतीत गेले. पाणी २० मिनिटे आले. पार्किंगमधल्या दोन खांबांचे लोखंड उघडे पडलेले वहिनींनीच दाखवले. ऑडिट चार वर्षांपूर्वीचे निघाले. वर्ग सी-२बी होता, परंतु सांगितलेली दुरुस्ती झालेलीच नव्हती. तरीही दादांचे मन तिथेच अडकले होते, म्हणून इंजिनियरला नेले. तो म्हणाला, "चार वर्षांपूर्वीच्या वर्गावर आता भरवसा नको. आधी सोसायटीला नवे ऑडिट करू द्या." सेक्रेटरी म्हणाले की निधीच नाही. दादांनी टोकन दिले नाही. वकिलाची फीही वाचली, कारण त्याच्यापर्यंत जाण्याची गरजच उरली नाही.

एजंट चिडला. "एवढी चौकशी करणाऱ्याला घर मिळत नसतं," असे बोलला. दादा दोन दिवस गप्प होते. आयुष्यभर दुसऱ्यांची घाण उपसून जमवलेले पैसे, आणि घराचे स्वप्न पुन्हा लांबले, याचे त्यांना वाईट वाटत होते.

तीन महिन्यांनी त्याच भागात थोडे लहान घर मिळाले. ऑडिट ताजे, दुरुस्ती झालेली, वर्ग सी-३. या वेळी इंजिनियर, वकील आणि वायरमन तिघेही नेले. तिघांची फी मिळून दादांच्या एका महिन्याच्या पेन्शनपेक्षा कमी भरली. वायरिंगचा खर्च मालकाने किमतीतून सोडला.

बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी बहुतेकांना घर एकदाच घेता येते. चुकले तर दुसऱ्यांदा घ्यायला फंड उरत नाही. म्हणून टोकनचा हात खिशात घालण्याआधी प्रश्न विचारावेत, आणि घरातल्या बाईला बरोबर न्यावे. दादांच्या घराचा तो खांब वहिनींना दिसला होता, आम्हा कागद वाचणाऱ्यांना नव्हे.