कमानींखालचे स्वातंत्र्य

पॅरिसला जाणारा प्रवासी लूव्रचे संग्रहालय पाहतो, आयफेल मनोरा पाहतो आणि परत फिरतो. लूव्रच्या उत्तरेस, केवळ एक रस्ता ओलांडला की, पाले-रॉयाल नावाचा जुना राजवाडा लागतो. तिकडे तो सहसा वळत नाही, आणि वळला तरी डोळे दिपावेत असे तेथे काही नाही. तीन बाजूंना एकसारख्या इमारती, त्यांच्या तळाशी कमानींची अखंड रांग, मध्ये लांबट बाग, एका रेषेत छाटलेली लिंडनची झाडे, कारंजे आणि भोवती खुर्च्या टाकून बसलेली माणसे. शहराच्या ऐन मध्यावर असूनही वाहनांचा गोंगाट आत फारसा पोचत नाही.

मुंबईच्या दादाभाई नौरोजी मार्गावरील कमानींखालून भर पावसात कोरड्या अंगाने चालत गेलेल्यांना या कमानींची सोय निराळी सांगावयास नको. मात्र मुंबईच्या कमानी रस्त्याकडे तोंड करून आहेत, येथील बागेकडे. रस्त्यावरची कमान माणसाला पुढे जाऊ देते, बागेकडची कमान त्याला थांबवून धरते. जेथे माणसे थांबतात तेथे ती बोलू लागतात. पाले-रॉयालचा सारा इतिहास या साध्या गोष्टीतून निघाला आहे.

हा वाडा मूळचा तेराव्या लुईचा प्रधानमंत्री कार्डिनल रिशल्यू याचा. १६४२ मध्ये तो मरण पावला आणि वाडा राजघराण्याकडे गेला. लहानपणी चौदावा लुई येथे राहिला. पुढे तो ऑर्लिअन्सच्या घराण्याकडे आला. या घराण्यातील फिलिप हा राजपुत्र कर्जात बुडाला होता. त्याने वास्तुशिल्पी व्हिक्टर लुई याच्याकडून १७८१ ते १७८४ या काळात बागेच्या तीन बाजूंना इमारती उठवल्या आणि कमानींखालचे गाळे भाड्याने दिले. जुनी झाडे तुटली तेव्हा पॅरिसकर संतापले, आणि राजाच्या चुलतभावाने दुकानदारी मांडली म्हणून दरबारी मंडळींनी त्याची थट्टा केली. लोककल्याणाचा विचार या योजनेत कोठेही नव्हता. भाडे वसूल व्हावे एवढाच हेतू होता.

पण हेतू मालकाचा असतो, जागेचा उपयोग लोक ठरवतात. बाग राजपुत्राच्या खाजगी मालकीची असल्यामुळे पोलिसांना तेथे मुक्त संचार नव्हता. राजाच्या अभ्यवेक्षणातून जी पत्रके सुटली नसती ती तेथे विकली जाऊ लागली. कमानींखाली उपाहारगृहे, पुस्तकांची दुकाने, जुगाराचे अड्डे आणि वेश्या असे सगळे एकाच छपराखाली नांदू लागले. जून १७८९ मध्ये इंग्लिश शेतीतज्ज्ञ आर्थर यंग पॅरिसमध्ये होता. त्या दिवशी १३, आदल्या दिवशी १६ आणि मागच्या आठवड्यात ९२ नवी पत्रके निघाल्याची नोंद त्याने केली आहे. दुकानांच्या दारांशी आणि उपाहारगृहांच्या खिडक्यांशी गर्दी करून लोक वक्त्यांची भाषणे ऐकत होते, हे पाहून तो थक्क झाला होता.

१२ जुलै १७८९ रोजी, रविवारी, लोकप्रिय मंत्री नेकर याला राजाने बडतर्फ केल्याची वार्ता पॅरिसमध्ये पोचली. कामिय देमुलां नावाचा एक तरुण वकील बागेतील एका उपाहारगृहाच्या टेबलावर चढला आणि त्याने लोकांना शस्त्रे हाती घेण्याचे आवाहन केले. खूण म्हणून हिरवी पाने टोप्यांत खोवली गेली. दोनच दिवसांनी बॅस्टिलचा तुरुंग पडला.

या कथेला काळी बाजू आहे, आणि ती झाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या बागेत सत्य बोलता येत होते तेथे अफवाही बिनदिक्कत पिकत होत्या आणि रक्तपाताची चिथावणीही दिली जात होती. १७९३ च्या जुलैत शार्लोत कोर्दे हिने मारा याच्या खुनासाठी सुरी विकत घेतली ती याच कमानींखालच्या दुकानातून. स्वतः फिलिप काळाबरोबर बदलला, त्याने ‘समता’ या अर्थाचे ‘एगालिते’ हे नाव घेतले, राजाच्या देहान्त शिक्षेच्या बाजूने मतही दिले. तरी नोव्हेंबर १७९३ मध्ये त्याचेही मस्तक गिलोटिनखाली गेले. आपल्या अंगणात फुटलेल्या शब्दांपासून अंगणाच्या मालकालाही संरक्षण मिळाले नाही.

१८३६ च्या अखेरीस जुगारगृहांवर बंदी आली आणि बागेची वर्दळ ओसरली. आज तेथे शांतता आहे. ही शांतता म्हणजे पराभव, असे कोणास वाटेल; पण राजवाड्यात आज कोण बसते हे पाहिले म्हणजे मत बदलते. सांस्कृतिक खाते तेथे आहे. सरकारविरुद्धच्या तक्रारींचा अखेरचा निवाडा करणारी राज्यपरिषद तेथे आहे. आणि १९५८ च्या घटनेने निर्माण केलेली घटनापरिषदही तेथेच आहे. याच घटनापरिषदेने १६ जुलै १९७१ रोजी एक निर्णय दिला. सिमोन द बोव्हुआर आदींनी स्थापलेल्या एका मंडळाची नोंदणी अडविण्याचा सरकारचा प्रयत्न न्यायालयात फसला होता. तेव्हा नवी मंडळे स्थापन होण्याआधीच त्यांची छाननी करता यावी, असा कायदा सरकारने संसदेकडून संमत करून घेतला. परिषदेने त्यातील ती तरतूद घटनाबाह्य ठरवली आणि घटनेची प्रास्ताविका ही नुसती शोभेची नाही, ती बंधनकारक आहे, असे प्रस्थापित केले. त्या प्रास्ताविकेत १७८९ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचा हवाला आहे. म्हणजे बागेत टेबलावर चढून जे मागितले गेले, त्याचे रक्षण १८२ वर्षांनी त्याच वाड्यातून, कागदावर, रक्ताचा थेंबही न सांडता झाले.

तरीही केवळ कागदावर विसंबून चालत नाही. १९८६ मध्ये वाड्याच्या चौकात, जेथे तोवर मोटारी उभ्या राहत, दानिएल ब्यूराँ या कलावंताचे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे २६० उंच-ठेंगणे स्तंभ उभे राहिले. ऐतिहासिक वास्तू विद्रूप झाली म्हणून मोठे वादळ उठले. आज त्या स्तंभांवर मुले चढतात आणि थकलेली माणसे टेकतात. वाद कोणी जिंकला हे विचारण्याची गरज उरलेली नाही, कारण जागा पुन्हा माणसांना मिळाली.

शहराचे नियोजन करणारे रस्त्याची रुंदी मोजतात, चटईक्षेत्र मोजतात. पैसे न मोजता बसता येईल, अनोळखी माणसाशी बोलता येईल आणि कोणी हटकणार नाही अशा जागेची मोजणी कोणत्याच आराखड्यात होत नाही. लोकमत सभागृहात व्यक्त होते, परंतु जन्मते ते अशा बाकांवर. कर्जबाजारी राजपुत्राने अजाणता पॅरिसला अशी जागा दिली. जाणत्या लोकशाहीने आपल्या नागरिकांना ती जाणूनबुजून द्यावयास काय हरकत आहे?