दोन दुखणी, एक माणूस

क्षयरोगाला आपल्याकडे पूर्वी राजयक्ष्मा म्हणत. २४ मार्च १८८२ रोजी रॉबर्ट कॉख यांनी त्याच्या जंतूचा शोध जाहीर केला. एचआयव्हीची भारतातील पहिली नोंद १९८६ सालची. ही दोन दुखणी एकाच देहात का भेटतात, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

क्षयाचे जंतू अनेकांच्या शरीरात निद्रिस्त असतात. रक्तातील संरक्षक पेशी त्यांना डांबून ठेवतात. एचआयव्ही नेमका या राखणदारांवरच घाला घालतो. मग जंतू मोकाट सुटतात.

उपचारात क्षयाची औषधे प्रथम सुरू करतात. साध्या क्षयावर ती सहा महिने चालतात : पहिले दोन महिने चार औषधे, पुढे चार महिने तीन. साधारण दोन आठवड्यांत एचआयव्हीची औषधे जोडतात. मेंदूच्या आवरणाचा क्षय असल्यास थोडे थांबतात. ही दुसरी औषधे मात्र जन्मभराची.

आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. त्यामुळे आळीतली माणसे कागद वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. एका काकूंनी असेच यजमानांचे केसपेपर आणले. दुसरी औषधे सुरू होताच काकांचा ताप वाढला, मानेच्या गाठी सुजल्या. 'औषध बाधलं गं,' म्हणून त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या. वास्तविक, परतणारी प्रतिकारशक्ती कधी कधी जंतूंवर इतक्या जोराने तुटून पडते की दुखणे वाढल्यासारखे दिसते. तसेच आहे की अन्य काही, हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. परस्पर गोळ्या सोडल्या तर जंतू पुढे औषधाला दाद देत नाहीत. दुसऱ्याच दिवशी आम्ही तिघे एआरटी केंद्रात गेलो आणि काकांच्या गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

औषधे सरकारी रुग्णालयात मोफत मिळतात. क्षयरुग्णाला आहारासाठी नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपयांची मदत आहे. एचआयव्हीबाधिताशी भेदभाव करण्यास आणि संमतीविना त्याचा आजार उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. परंतु काकांना क्षय आहे एवढे कळताच शेजारणींनी काकूंकडचा चहा सोडला, त्याला कोणता कायदा लावणार? फुप्फुसाचा क्षय खोकल्यातून, हवेतून पसरतो, कपबशीतून नव्हे. एचआयव्ही तर हवेतूनही नाही.

मित्रहो, जन्मभर रोज गोळी घेणाऱ्याला वेळेची आठवण देणारे, केंद्रापर्यंत सोबत करणारे कोणीतरी लागते. एवढे काम करण्यास पदवी हाती येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही.