सावद्याच्या शेजारचा टीकाकार

सावदा रावेर तालुक्यात, तर भालचंद्र नेमाडे यांचे गाव सांगवी शेजारच्या यावल तालुक्यात. केळीच्या याच पट्ट्यातून मराठी समीक्षेतला एक रोखठोक आवाज आला.

● जन्म : 27 मे 1938
● शिक्षण : भाषाविज्ञान आणि इंग्रजी साहित्य
● पहिली कादंबरी : ‘कोसला’ (1963), निवेदक पांडुरंग सांगवीकर
● समीक्षा : ‘टीकास्वयंवर’, साहित्य अकादमी पुरस्कार
● ज्ञानपीठ : 2014 सालचा पुरस्कार

मुख्य मांडणी : मराठी कादंबरीच्या तीन प्रवृत्ती नेमाडे तीन आरंभीच्या पुस्तकांपासून मोजतात : ‘यमुनापर्यटन’ (1857), ‘मुक्तामाला’ (1861) आणि ‘मोचनगड’ (1871). विधवांच्या दुःस्थितीला भिडणाऱ्या पहिल्या पुस्तकाची वास्तवाची वाट त्यांना महत्त्वाची वाटते, अद्भुत-रंजनाची नव्हे. कादंबरी जोखताना ते वास्तवता, नैतिकता आणि देशीयता (आपल्या भूमीशी आणि परंपरेशी असलेले नाते) यांचा आग्रह धरतात.

स्वतः वाचून पाहा : ‘कोसला’तले कोणतेही एक पान घ्या. निवेदक कुणाशी बोलतो, वाक्य कुठे तोडतो, थट्टा कुठे संपते आणि दुःख कुठे सुरू होते, याच्या खुणा करा. कथानकाच्या सारांशात न सापडणारी कादंबरी त्या खुणांत सापडते.