अवटू ग्रंथी आणि तिचा ग्राही



ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आपल्याला ‘का?’ असे विचारायला शिकविले. त्यांचे स्मरण अशाच एका प्रश्नाने करावे, असे मला वाटते. पांढुर्णा-सौंसर भागातील एखादी भगिनी नागपूरला रक्त तपासून येते. अहवालात टीएसएचचा आकडा वाढलेला असतो आणि घरात बोलणे सुरू होते, ‘थायरॉइड वाढला.’ वस्तुस्थिती बहुधा नेमकी उलट असते. तिची ग्रंथी मंदावलेली असते. आकडा वाढलेला आणि काम घटलेले, हे कसे? याचे उत्तर एका सूक्ष्म प्रथिनात आहे.

थायरॉइडला मराठीत आपण अवटू ग्रंथी म्हणतो. गळ्याच्या पुढच्या भागात, श्वासनलिकेला बिलगून असलेली ही ग्रंथी फुलपाखराच्या आकाराची असून प्रौढ माणसात तिचे वजन साधारण १५ ते २० ग्रॅम भरते. अन्नातील आयोडीन रक्तातून खेचून घेऊन ती थायरॉक्सिन हे संप्रेरक तयार करते. शरीराची ऊब, हृदयाची गती, मुलांची वाढ आणि मेंदूची घडण या सर्वांवर त्याचा अंमल चालतो. मात्र किती थायरॉक्सिन तयार करावयाचे, हे ग्रंथी एकटी ठरवीत नाही. मेंदूच्या तळाशी असलेली वाटाण्याएवढी पोष ग्रंथी रक्तात टीएसएच हे दुसरे संप्रेरक सोडते. तोच आदेश होय.

परंतु रक्तातून आलेला हा आदेश पेशीच्या आत शिरत नाही. अवटू ग्रंथीच्या पेशीपटलावर त्याला ओळखणारे प्रथिन बसलेले असते. त्यास ग्राही म्हणतात. त्याचे जनुक आपल्या चौदाव्या गुणसूत्रावर असून १९८९ साली ते वेगळे करण्यात आले. ७६४ अ‍ॅमिनो अम्लांच्या या साखळीचा निम्म्याहून अधिक भाग पेशीबाहेर असतो. पुढचा भाग पेशीपटलातून सात वेळा आरपार जातो आणि टोक आत राहते. टीएसएच बाहेरच्या भागाला बिलगले की ग्राहीची ठेवण बदलते व आतील जी-प्रथिन जागे होते. त्यातून चक्रीय एएमपी नावाचा निरोप्या रेणू तयार होतो. अर्ल सदरलंड यांना १९७१ चे नोबेल पारितोषिक संप्रेरकांच्या कार्यपद्धतीवरील ज्या संशोधनाबद्दल मिळाले, त्याच्या केंद्रस्थानी हाच रेणू होता. हा निरोप पोहोचताच पेशी अधिक आयोडीन ओढते, अधिक थायरॉक्सिन घडविते आणि स्वतःही वाढू लागते.

आपल्या संत्र्याच्या बागांतील विहिरीवरचा पंप डोळ्यांसमोर आणा. अवटू ग्रंथी हा पंप, ग्राही हा त्याचा स्टार्टर आणि पोष ग्रंथी ही बटण दाबणारी मालकीण. टाकी भरली, म्हणजे रक्तात पुरेसे थायरॉक्सिन आले, की मालकीण हात काढून घेते. पंपच नादुरुस्त असेल तर टाकी रिकामी राहते आणि ती बटण दाबतच राहते. वाढलेला टीएसएच म्हणजे हे व्यर्थ दाबणे होय. पोष ग्रंथीच आजारी असेल तर मात्र हे गणित बदलते. म्हणून अहवालाचा अर्थ वैद्यांकडूनच समजून घ्यावा.

कधी स्टार्टर दुसराच कोणी दाबतो. डब्लिनचे रॉबर्ट ग्रेव्ह्‌ज यांनी १८३५ साली वर्णिलेल्या विकारात गळा फुगतो, हृदय धडधडते, वजन उतरते आणि कित्येकांचे डोळे बाहेर येतात. येथे टीएसएच जवळजवळ नाहीसे झालेले असते, तरी ग्रंथी धावत असते. हा दुसरा हात १९५६ साली न्यूझीलंडमधील अ‍ॅडम्स व पर्व्हस यांना रुग्णांच्या रक्तात प्रथम आढळला. शरीराने स्वतःच्याच ग्राहीविरुद्ध तयार केलेला तो प्रतिपिंड होता, हे पुढे उलगडले. २०२२ मध्ये ग्राहीची रचना अतिसूक्ष्म तपशिलांनिशी दिसली. टीएसएच ग्राहीचा बाहेरचा भाग ताठ उभा करते आणि ग्रेव्ह्‌ज विकारातील प्रतिपिंडही तेच करतो. असा रुग्ण गोळ्यांनी, शस्त्रक्रियेने किंवा किरणोत्सर्गी आयोडीनने बरा करता येतो. मुंबईत परळ येथे १९६३ साली स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये या आयोडीनचे उपचार केले जातात.

आयोडीनच कमी पडले तर काय होते? कच्च्या मालावाचून थायरॉक्सिन घटते, आदेश वाढतो, ग्राही सतत चेतविला जातो आणि ग्रंथी फुगते. हाच गलगंड. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलातील कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड घटतो हे दाखविले. १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. समुद्रापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी मिठाची पिशवी घेताना आयोडीनची खूण पाहावी आणि घरी मीठ झाकून ठेवावे.

शेवटी सर्वांत मोलाची गोष्ट. भारतात जन्मलेल्या सुमारे हजार बालकांमागे एकाची अवटू ग्रंथी जन्मतःच अपुरी असते. आईच्या थायरॉक्सिनचा थोडा आधार पोटात मिळालेला असल्याने ते बाळ प्रारंभी निरोगीच दिसते. पण उपचाराविना आठवडे गेले की मेंदूची हानी होते आणि ती पुढे भरून येत नाही. जन्मानंतर काही तास टीएसएच स्वाभाविकपणेच चढलेले असते, म्हणून दोन-तीन दिवसांनी टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ते तपासतात. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली तर ते मूल इतरांसारखेच शाळेत शिकू शकते.

पंपाचा आवाज येत नाही म्हणून टाकी भरली, असे समजू नये. घरात बाळ जन्माला आले तर ‘टीएसएच तपासले का?’ एवढे विचारा. तसेच आकडा योग्य झाला म्हणून कोणी मनानेच गोळी बंद करू नये, कारण तो आकडा गोळीमुळेच योग्य झालेला असतो. ज्या गुरुजनांनी आपल्याला प्रश्न विचारायला शिकविले, त्यांना हीच आपली आदरांजली ठरेल.